हजारोंची लढाई आणि मूठभर नायक: फँटसी रोल प्लेइंग गेममध्ये मोठे रणसंग्राम कसे चालवावेत

फँटसी रोल प्लेइंग गेम म्हणजे काल्पनिक जगातल्या पात्रांच्या भूमिका घेऊन, टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायचा खेळ. त्याचे बहुतेक नियम चार-पाच पात्रे आणि त्यांच्यासमोरचे दहा-बारा शत्रू एवढ्याच आवाक्यासाठी लिहिलेले असतात. कथा पुढे सरकते, पात्रांचा नावलौकिक वाढतो, राजे आणि सरदार त्यांचा सल्ला घेऊ लागतात, आणि मग कधीतरी दोन फौजा समोरासमोर उभ्या राहतात. त्या वेळी तेच नियम ताणून वापरायचे ठरवले तर काय होईल, याचा हिशेब सोपा आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या अशाच खेळाच्या सध्याच्या नियमांत एक राउंड, म्हणजे प्रत्येकाची एकेक पाळी होते तेवढा वेळ, सहा सेकंदांचा असतो, म्हणजे मिनिटाला १० आणि अर्ध्या तासाला ३०० राउंड. १४ ऑक्टोबर १०६६ रोजी हेस्टिंग्जची लढाई सकाळी सुरू झाली ती अंधार पडेपर्यंत चालली. असा दिवस राउंड मोजून खेळायला कोणाचेच आयुष्य पुरणार नाही.

याच्या उलट टोकाला जाऊन गेम मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, सगळी लढाई स्वतःच रंगवून सांगितली, तर खेळाडू नुसते श्रोते होतात. दोन्ही मार्ग एकाच ठिकाणी फसतात, कारण पात्रांनी जे केले त्याचा आणि लढाईच्या निकालाचा संबंध तुटतो. तो संबंध जोडण्याचा उपाय मध्ययुगीन युद्धातच सापडतो. त्या काळच्या फौजा शेवटचा माणूस पडेपर्यंत सहसा लढत नसत, त्या फुटत. रांग डळमळली, निशाण पडले, सेनापती दिसेनासा झाला, बगलेवर अनोळखी घोडेस्वार दिसले, की माणसांचा धीर सुटे आणि खरी कत्तल पाठलागात होई. १५५६ साली पानिपतावर हेमूची फौज वरचढ होती. त्याच्या डोळ्यात बाण लागला आणि तो हौद्यात कोसळला तेव्हा तीच फौज पांगली. म्हणून खेळातही मेलेली डोकी मोजण्याऐवजी धीर मोजावा. एका शूराने पाचशे माणसे मारणे अशक्य असते, पण त्या पाचशेंचा धीर तोडणे किंवा टिकवणे त्याला शक्य असते. खालची सारी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे, आणि ती कोणत्याही नियमसंचाबरोबर चालते.

पहिली पायरी: लढाई कशासाठी आहे ते ठरवा

‘कोण जिंकेल’ हा प्रश्न फार ढोबळ आहे. दोन्ही बाजूंना नेमके काय हवे आहे, ते एकेका वाक्यात लिहून काढा. या लेखात मी एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरणार आहे. एका मोठ्या फौजेला नदी ओलांडून पलीकडच्या नगरावर जायचे आहे. नायकांच्या बाजूची लहान फौज नदीवर उभी आहे, आणि नगरातली माणसे डोंगरातल्या खिंडीतून निसटेपर्यंत, म्हणजे संध्याकाळपर्यंत, तिला शत्रूला रोखून धरायचे आहे.

एवढे ठरले की निकालाच्या अनेक छटा आपोआप दिसू लागतात. शत्रू दुपारीच पार होईल आणि निम्मी माणसे खिंडीतच सापडतील. संध्याकाळपर्यंत टिकाव लागेल, पण रोखणारी फौज संपून जाईल. किंवा शत्रूचे इतके नुकसान होईल की तो पार होऊनही पुढे सरकणार नाही. लढाई सुरू होण्यापूर्वीच अशा तीन-चार शेवटांची टिपणे करून ठेवा. नायक हरले तरी कथा पुढे कशी जाईल याचे उत्तर तुमच्याजवळ नसेल, तर तुम्ही नकळत फासे झाकू लागाल आणि खेळाडूंना ते कळल्याशिवाय राहत नाही.

दुसरी पायरी: भूमी

चौकटींचा नकाशा नको. एका कागदावर पाच-सहा ठिकाणे काढा आणि कोणत्या ठिकाणाहून कुठे जाता येते ते रेघांनी दाखवा. आमच्या उदाहरणात दगडी पूल, त्याच्या वरच्या अंगाला नदीचा उतार म्हणजे पायी ओलांडता येईल अशी उथळ जागा, पुलाजवळची गिरणी, मागची टेकडी आणि उताराला लागून असलेले दाट रान, अशी पाच ठिकाणे आहेत. प्रत्येक ठिकाणासमोर एक वाक्य लिहा: ते हाती असल्याने काय मिळते. पुलावर एका वेळी एकच तुकडी लढू शकते. गिरणीच्या छपरावरून तिरंदाज पुलावर मारा करू शकतात. टेकडीवरून सगळी रणभूमी दिसते. रानात घोडदळ निरुपयोगी ठरते.

भूमीवर घालवलेला वेळ कधीच वाया जात नाही, कारण संख्येचा फायदा पुसून टाकण्याचे काम तीच करते. १२९७ साली स्टर्लिंगच्या अरुंद पुलावरून इंग्लिश सैन्याचा काहीच भाग पार झाला होता तेवढ्यात स्कॉटिश फौज त्याच्यावर तुटून पडली, आणि नदीपलीकडच्या उरलेल्या सैन्याला नुसते पाहत राहावे लागले. १४१५ च्या अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईत दोन रानांमधल्या अरुंद, चिखलाने भरलेल्या शेतात फ्रेंचांची मोठी संख्याच त्यांच्या मुळावर आली. मागून रेटा येत होता आणि पुढच्यांना हत्यार उगारायला जागा उरली नव्हती. ११८७ मध्ये हत्तीनला तर पाण्यानेच निकाल लावला. सुलतान सलादिनने तहानलेल्या क्रुसेडर, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या, फौजेला पाण्यापर्यंत पोहोचूच दिले नाही. तेव्हा तुमच्या नकाशावर एखादे ठिकाण असे असू द्या, की त्याचे महत्त्व पहिल्या नजरेत कळणार नाही, पण टेहळणी करणाऱ्या पात्राला कळेल.

तिसरी पायरी: तुकड्या

दोन्हीकडची मिळून दहा-बारापेक्षा जास्त पथके ठेवू नका. एक तुकडी म्हणजे शंभर माणसे की हजार, याला खेळाच्या दृष्टीने महत्त्व नाही. सर्वांना एकच माप लावले म्हणजे झाले. प्रत्येक तुकडीला दोन अंक द्या. बळ १ ते ५ मध्ये असते आणि त्यात शस्त्रे, चिलखत व कसब आले. धीर २ ते ६ मध्ये असतो आणि तो लढाईत घटत जातो. गोळा करून आणलेल्या शेतकऱ्यांचे बळ १ आणि धीर २ असू शकते, पण स्वतःच्या घराच्या उंबरठ्यावर लढत असतील तर त्याच माणसांचा धीर ४ करायला हरकत नाही. भाडोत्री सैनिकांचे बळ ४ असते आणि धीर ३, कारण हरलेल्या लढाईत मरण्यासाठी त्यांना कोणी पैसे दिलेले नसतात.

अंकांखाली एक वाक्य तुकडीच्या खास गुणाचे असावे. भालाईत घट्ट रांगेत उभे असतील तर समोरून येणाऱ्या घोडदळाला बळाचा फायदा मिळत नाही, कारण घोडी भाल्यांच्या भिंतीवर सहजासहजी झेप घेत नाहीत. तिरंदाज शेजारच्या ठिकाणावर मारा करू शकतात, पण हातघाईत त्यांचे बळ १ धरावे.

आणि प्रत्येक तुकडीला एक चेहरा द्या. तिचा म्होरक्या कोण, तो कसा बोलतो, त्याला कशाची धास्ती आहे, एवढे पुरे. भालाइतांची म्होरकी ही पात्रांनी मागच्या सेशनमध्ये, म्हणजे खेळाच्या मागच्या बैठकीत, वाचवलेली लोहारीण असेल, तर त्या तुकडीचा धीर ४ वरून ३ वर आल्याचे खेळाडूंना टोचेल. हे एक काम मी नियमांपेक्षाही महत्त्वाचे मानतो.

चौथी पायरी: आदली रात्र

लढाईपूर्वीच्या तयारीला अर्धे सेशन तरी द्या. पात्रांना मसलतीला बोलवा, नकाशा त्यांच्यासमोर पसरा आणि रात्रीतून प्रत्येकाला एकच काम करता येईल असे सांगा. टेहळणी, खंदक, शत्रूच्या सरदाराशी गुप्त बोलणी, सैनिकांमध्ये बसून त्यांना धीर देणे, देवाची प्रार्थना, रानात दबा, जे सुचेल ते. यशस्वी झालेल्या प्रत्येक कामाचा एक ठोस फायदा कागदावर लिहा: ‘उतारात पाण्याखाली खुंट ठोकले आहेत, तिथून येणाऱ्या पहिल्या तुकडीचे बळ २ ने कमी’, किंवा ‘शेतकऱ्यांचा धीर १ ने वाढला’. फायदा मोघम असला तर लढाईच्या गर्दीत तो हमखास विसरला जातो.

कधीकधी खेळाडू म्हणतील की रात्रीच शत्रूच्या छावणीत शिरून सेनापतीलाच उडवू. त्यांना अडवू नका. ते साहस पूर्ण खेळू द्या, ते अवघड असू द्या, आणि जमले तर त्याचे फळही द्या. सेनापतीवाचून फौज परत जाईलच असे नाही. दोन सरदार आपापल्या मर्जीने लढू लागतील आणि शत्रूच्या हुकमांत मेळ राहणार नाही. लढाई तरीही होईल, पण ती वेगळी लढाई असेल.

पाचवी पायरी: टप्पा कसा चालवावा

लढाईचे पाच किंवा सहा टप्पे करा. एक टप्पा म्हणजे रणभूमीवरचा साधारण अर्धा ते एक तास, आणि टेबलावरची तीस-चाळीस मिनिटे. त्याहून जास्त टप्पे केले तर शेवटी सगळे थकतात. प्रत्येक टप्प्याचा क्रम सारखाच ठेवा, म्हणजे खेळाडूंना तो दुसऱ्या टप्प्यापर्यंत अंगवळणी पडतो.

आधी परिस्थिती सांगा: पात्रांना त्यांच्या जागेवरून काय दिसते आणि काय ऐकू येते. मग शत्रूची हालचाल तुम्ही ठरवा आणि कागदावर लिहून उपडी ठेवा. नंतर नायकांच्या बाजूचे हुकूम ठरतील. त्यानंतर पात्रांचा प्रसंग खेळला जाईल, ज्याविषयी पुढच्या पायरीत लिहिले आहे. सर्वांत शेवटी, जिथे दोन तुकड्या भिडल्या आहेत अशा प्रत्येक ठिकाणासाठी फासे टाकावेत.

फाशांचा नियम साधा आहे. दोन्ही बाजू सहा बाजूंचा एकेक फासा टाकतात आणि त्यात बळ व परिस्थितीचे फायदे मिळवतात. बेरीज सारखी आली तर दोघांचाही धीर १ ने घटतो. फरक १ ते ३ असेल तर हरलेल्या बाजूचा धीर १ ने कमी होतो, पण ती जागा सोडत नाही. फरक ४ किंवा जास्त असेल तर धीर २ ने घटतो आणि ठिकाण हातचे जाते. धीर शून्यावर आला की तुकडी फुटते. फुटलेली तुकडी ज्यांना पळताना दिसते अशा शेजारच्या प्रत्येक मित्र तुकडीसाठी एक फासा टाका. फाशावरचा अंक त्या तुकडीच्या उरलेल्या धीरापेक्षा मोठा आला, तर तिचाही धीर १ ने घटतो. या एका ओळीमुळे भीती रांगेतून पसरते, आणि ती पसरताना टेबलावर सगळे आपोआप पुढे झुकून फासे पाहू लागतात. एखाद्या फौजेच्या निम्म्याहून अधिक तुकड्या फुटल्या की उरलेली फौज त्या टप्प्याच्या शेवटी माघार घेऊ लागते.

पुलावर हे कसे दिसेल ते पाहू. शत्रूचे चिलखती पायदळ बळ ४ चे आहे. समोरच्या भालाइतांचे बळ २ आहे, धीर ४ आहे आणि अरुंद जागेमुळे त्यांना २ चा फायदा आहे. शत्रूचा फासा ६ पडला, बेरीज १०. भालाइतांचा २ पडला, बेरीज ६. फरक ४, म्हणजे धीर २ वर आला आणि पूल गेला. पण या फाशांपूर्वी पात्रांनी पेटती गाडी पुलाच्या तोंडावर उलटवण्यात यश मिळवले असते आणि त्याचे २ मिळाले असते, तर बेरीज ८ झाली असती, फरक २ उरला असता, धीर ३ वर राहिला असता आणि पूलही राहिला असता. हा हिशेब खेळाडूंसमोर उघडपणे करा. आपल्या गाडीने पूल वाचला, हे त्यांना अंकांत दिसले पाहिजे.

राखीव तुकडी मागे ठेवण्याची सवय खेळाडूंना लावा. ताजी तुकडी दमलेल्या तुकडीची जागा घेते, तेव्हा तिला त्या टप्प्यापुरते १ जास्त द्या. हा लहानसा नियम मसलतीत मोठ्या वादाला जन्म देतो, आणि तो वाद ऐकण्यासारखा असतो: राखीव फौज आता सोडायची, की आणखी एक टप्पा दम धरायचा?

सहावी पायरी: नायकांचा प्रसंग

लढाईचे काळीज इथे आहे, म्हणून टेबलावरचा निम्म्याहून जास्त वेळ इथेच जायला हवा. प्रत्येक टप्प्यात पात्रांसमोर दोन किंवा तीन संकटे एकाच वेळी ठेवा आणि सगळ्यांना पुरे पडता येणार नाही अशी व्यवस्था करा. गिरणीला आग लागली आहे आणि तिरंदाज आत अडकले आहेत. उताराकडून शत्रूचे घोडेस्वार येताना टेकडीवरच्या पहारेकऱ्याला दिसले आहेत. पुलावर शत्रूचा एक राक्षसी योद्धा एकट्याने रांग फोडतो आहे. कुठे जायचे हा निर्णय खेळाडूंचा. जिथे ते जात नाहीत तिथे फासे जसे पडतील तसे पडतील.

प्रसंग छोटा ठेवा. हातघाई असेल तर तीन-चार राउंडांची मर्यादा आधीच जाहीर करा, आणि त्या राउंडांत काय साधायचे आहे तेही सांगा: निशाण तोडणे, दार बंद करणे, जखमी सरदाराला मागे आणणे. भोवतालचे सैनिक वेगळे मोजू नका. शत्रूची गर्दी हीच एक धोक्याची जागा समजा; तिच्यात राउंड संपवणाऱ्या पात्राला ठरावीक इजा होते आणि पुढे सरकायला फाशाची चाचणी द्यावी लागते. स्वतंत्र अंक फक्त नाव असलेल्या शत्रूला द्या. मर्यादा संपली आणि काम झाले नसेल, तर पात्रांना विचारा: अजून थांबता का? थांबायचे असेल तर किंमत सांगा. पुढच्या टप्प्यात त्यांना दुसरीकडे जाता येणार नाही, किंवा त्यांच्यासोबतच्या तुकडीचा धीर १ ने घटेल.

फळ देताना हात आखडता घेऊ नका. साध्या यशाला त्या ठिकाणच्या बेरजेत २ मिळावेत. शत्रूचे निशाण पाडले किंवा त्याचा नामांकित योद्धा सर्वांदेखत मारला, तर त्या तुकडीचा धीर थेट २ ने कमी करा. फुटून पळणाऱ्या तुकडीसमोर एखादे पात्र उभे राहिले आणि तिला सावरण्यात यशस्वी झाले, तर ती धीर १ घेऊन परत उभी राहते. अशा वेळी खेळाडूला काय बोलतोस ते प्रत्यक्ष बोलायला सांगा आणि मगच फासा टाकू द्या. हेस्टिंग्जच्या लढाईत ड्यूक विल्यम मारला गेल्याची हूल उठून नॉर्मन फौज मागे हटू लागली, तेव्हा त्याने शिरस्त्राण वर करून आपला चेहरा सैनिकांना दाखवला, असे जुने वृत्तान्त सांगतात. त्या एका कृतीत तलवारीचा एकही वार नव्हता. ज्या खेळाडूचे पात्र लढवय्ये नाही, त्याच्यासाठी अशी संधी मुद्दाम आणून ठेवा.

पात्रे दोन-तीन ठिकाणी विभागली जाणारच. एका गटाचा प्रसंग संपेपर्यंत दुसऱ्याला ताटकळत ठेवू नका. ज्या क्षणी फासा टाकायचा आहे त्या क्षणी थांबा आणि दुसऱ्या ठिकाणी जा. बाजूला राहिलेल्या खेळाडूंच्या हाती एखाद्या तुकडीचे फासे द्या. जिची काळजी त्यांना आहे अशा तुकडीचे दिले तर आणखी चांगले.

सातवी पायरी: बातमी उशिरा पोहोचते

१८२४ च्या सुमारास प्रशियाच्या सैन्यात रूढ झालेल्या ‘क्रीगस्पील’ या युद्धखेळात खेळाडूंना आपल्या सैन्याला जे दिसले असते तेवढेच पंच सांगत असे, आणि हुकूम लेखी द्यावे लागत. आपल्या टेबलासाठी ही युक्ती आजही तितकीच उपयोगी आहे. पात्र ज्या ठिकाणी आहे तिथल्या तुकडीला दिलेला हुकूम लगेच लागू होतो; दुसऱ्या ठिकाणी पाठवलेला हुकूम पुढच्या टप्प्यात पोहोचतो. टेकडीवर कोणी उभे असेल आणि तुतारी किंवा निशाणाने इशारा देण्याचे आधी ठरले असेल, तर एक साधा हुकूम त्याच टप्प्यात देता येईल. आदल्या रात्री इशारे ठरवून ठेवणाऱ्या खेळाडूंना त्याचे चीज झालेले दिसते.

अफवाही येऊ द्या, पण गेम मास्टर म्हणून खोटे सांगू नका. ‘राजे पडले’ असे धापा टाकणारा एक स्वार ओरडतो आहे, एवढेच सांगा; ते खरे आहे असे तुम्ही म्हणालेले नसता. १३१४ साली बॅनकबर्नला स्कॉटिश छावणीतली नोकरमाणसे टेकडीमागून पुढे आली आणि इंग्लिश सैन्याला ती ताज्या दमाची फौज वाटली, असे सांगितले जाते. खेळाडूंना असे काही सुचले, तर ते तलवारीच्या वाराइतकेच मोलाचे धरा.

आठवी पायरी: जादू, ड्रॅगन आणि मृतांची सेना

फँटसी जगात मध्ययुगीन फौज कशी टिकेल, ही शंका योग्य आहे आणि तिला हिशेबानेच उत्तर द्यावे लागते. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीतला फायरबॉल, म्हणजे आगीच्या गोळ्याचा मंत्र, १५० फुटांपर्यंत टाकता येतो आणि २० फूट त्रिज्येत पसरतो. त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे १,२५० चौरस फूट भरते. सैनिक तीन-तीन फुटांवर खेटून उभे असतील, तर एका फायरबॉलखाली जवळजवळ १४० माणसे येतात. दहा-दहा फुटांवर विखुरलेले असतील, तर बारा-तेरा. पण विखुरलेली रांग घोडदळासमोर टिकत नाही. म्हणजे जादूगाराचा खरा धाक आगीपेक्षाही या पेचात आहे: शत्रूचा सेनापती रांग मोकळी ठेवणार की घट्ट? हा पेच खेळाच्या नियमात उतरवा. प्रत्येक टप्प्यात तुकडीने घट्ट की मोकळे उभे राहायचे ते आधी जाहीर करायचे. घट्ट तुकडीवर जादू पडली तर धीर २ ने घटतो, मोकळीवर १ ने, आणि मोकळ्या तुकडीला घोडदळाविरुद्ध २ कमी मिळतात.

जादूगारालाही मर्यादा आहेत. त्याच आवृत्तीत पाचव्या लेव्हलच्या (पातळीच्या) विझार्डला, म्हणजे जादूगाराला, विश्रांतीशिवाय असे दोनच मंत्र टाकता येतात, आणि लाँगबोचा, म्हणजे लांब धनुष्याचा, बाण अडचणीने का होईना, ६०० फुटांपर्यंत जातो. दीडशे फुटांवर येऊन उभा राहिलेला जादूगार शेकडो तिरंदाजांच्या टप्प्यात असतो. त्याच्यापुढे ढालाईत उभे करणे, धूर करणे किंवा त्याला गुपचूप पुढे नेणे, हा स्वतःच एक उत्तम प्रसंग होतो. शत्रूकडचा जादूगार कुठे आहे ते शोधणे हा दुसरा.

ड्रॅगनला तुकडी समजू नका. तो आकाशातून आला की त्याला पाहू शकणाऱ्या प्रत्येक तुकडीला पळणारी शेजारीण दिसल्यावर टाकतो तसा फासा टाकायला लावा, आणि ज्या ठिकाणी तो उतरतो तिथला धीर २ ने कमी करा. सैनिकांनी त्याला मारावे अशी अपेक्षा नको. त्याला जमिनीवर आणणे किंवा हुसकावणे हे पात्रांचे काम असावे, आणि त्यासाठी लागणारी मदत, म्हणजे दोऱ्या, मोठी यंत्रे, आमिष, सैनिकांकडून मिळावी. उडत्या प्राण्यांमुळे टेहळणी फार सोपी होत असेल, तर दोन्ही बाजूंना ती सोय द्या आणि रात्र, धुके, रान यांचे मोल वाढवा.

मृतांच्या सेनेला भीती नसते, म्हणून वर सांगितलेली सारी पद्धत तिच्यापाशी अडते. तिथे धीराच्या जागी ‘बंधन’ ठेवा. ते सैनिकांच्या मनात नसून त्यांना उठवणाऱ्या मांत्रिकाजवळ, एखाद्या अवशेषात किंवा घंटानादात असते आणि लढाईतल्या फाशांनी कमी होत नाही. पात्रांनी त्यावर घाव घातला की सगळ्या तुकड्यांचे बंधन एकदम घटते. यामुळे लढाईचा रंगच बदलतो: जिवंत फौजेने फक्त टिकून राहायचे आणि नायकांनी गर्दी चिरत त्या एका जागेपर्यंत पोहोचायचे. तोपर्यंत जिवंत सैनिकांसाठी प्रत्येक टप्पा भयंकर असतो, कारण समोरचे कधीच फुटत नाहीत.

किल्ल्याच्या वेढ्यालाही हीच पद्धत लागू होते. फक्त टप्पा तासाचा न राहता आठवड्याचा होतो, आणि धीराबरोबर रसदही मोजावी लागते. शेवटचा हल्ला झाला की पुन्हा वरचे टप्पे वापरावेत.

नववी पायरी: फूट, पाठलाग आणि नंतरचे काम

एक बाजू माघार घेऊ लागली म्हणजे खेळ संपला असे समजू नका. जिंकणाऱ्या प्रत्येक तुकडीबद्दल विचारा: पाठलाग करायचा, की जागेवर थांबायचे? पाठलागाला निघालेली तुकडी शत्रूची फुटलेली तुकडी कायमची संपवते, पण तिच्यासाठी एक फासा टाका, आणि तो १ किंवा २ पडला तर ती हाताबाहेर जाऊन लुटीला लागते व पुढच्या टप्प्यात उपलब्ध नसते. हेस्टिंग्जला पळणाऱ्या नॉर्मनांच्या मागे टेकडी उतरलेले इंग्लिश सैनिक कापले गेले, आणि नॉर्मनांनी पुढे पळण्याचे सोंग करून तोच डाव पुन्हा साधला. नायकांच्या फौजेची माघार असेल तर शेवटचा प्रसंग पिछाडीचा ठेवा: कोण मागे थांबतो, किती वेळ, आणि त्याच्यासाठी कोण परत येतो.

मग नुकसान मोजा. संपवल्या गेलेल्या तुकड्या उरत नाहीत. फुटलेल्या पण निसटलेल्या तुकड्या काही दिवसांनी बळ १ ने कमी होऊन परत येतात. ज्या तुकड्यांचा धीर निम्म्यावर आला, त्यांच्या म्होरक्यासाठी सहा बाजूंचा एक फासा टाका: १ आला तर तो पडला, २ किंवा ३ आला तर जखमी किंवा बंदिवान, ४ पासून पुढे सुखरूप. हे फासे खेळाडूंसमोर, एकेकाचे नाव घेऊन टाका. बंदिवानांसाठी खंडणी मागितली जाईल, जखमींना बरे करायला पुरोहिताचे मंत्र पुरणार नाहीत आणि कोणाला आधी वाचवायचे ते ठरवावे लागेल, पडलेल्यांच्या घरी निरोप न्यावे लागतील. पुढच्या दोन-तीन सेशनचे कथानक या यादीतूनच निघते, म्हणून ती त्याच रात्री, सगळे टेबलाशी बसलेले असतानाच लिहून काढा.